निवडक भगीरथ

पहिलं गाणं सुरू झालं आणि भगीरथचं असं झालं की, जिन्याला आणखी एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि तिथं पायरीच नसावी. शहापूरच्या बाजारात, जयरामच्या कॅसेटच्या दुकानात, सकाळी साडेदहाच्या लख्ख उजेडात तो स्टुलावर बसला होता, हातात चहाचा ग्लास होता आणि गाणं त्याचं स्वतःचंच होतं. तेरा वर्षांपूर्वीचं, मुरबाडकडच्या एका लग्नात वाजवलेलं, त्याला नाव मिळवून देणारं. बँजो तोच, साथीदार नथूचा ढोल तोच, फाटक्या स्पीकरची ती खरखरही जागच्या जागी. तरी काहीतरी गेलं होतं. समोर काउंटरवर नवी कोरी सीडी पडली होती. कव्हरवर त्याचा चौऱ्याण्णव सालचा फोटो, खांद्यापर्यंत केस, गळ्यात गिटार, डोळ्यांवर उल्हासनगरचा काळा चष्मा, आणि वर लाल अक्षरांत 'निवडक भगीरथ, दहा सुपरहिट गाणी'. केसांपैकी आता निम्मे उरले होते, चष्मा कुणीतरी लांबवला होता, पण भगीरथला फोटो पसंत होता. स्वतःचं काही त्याला नापसंत असल्याचं शहापूर तालुक्यात कुणाला आठवत नव्हतं.

"पयल्या गाण्याला काय केलंस रे?" त्यानं विचारलं.

"काय नाय. साफ केलं," जयराम म्हणाला. जयराम त्याचा जुना दोस्त. भगीरथची प्रत्येक कॅसेट त्यानंच काढली होती आणि प्रत्येक वेळी ही शेवटची म्हणून सांगितलं होतं. "कल्यानचा कॉम्प्युटरवाला हाय ना, त्यानं केलं. मागं कोन तरी बाई वरडत व्हती. सुरवातीची तिची गाण्याची वळ कापली, फुडं जिथं जिथं ती व्हती तिथं आवाज मारून टाकला. आता बघ कसं आरशावानी झालं."

"बाई नव्हती ती. लहानी मावशी व्हती."

"मंग बाईच की," जयराम म्हणाला आणि त्यानं चहाचा दुसरा ग्लास पुढं सरकवला.

भगीरथनं ग्लास घेतला नाही. लहानी ही त्याच्या आईची थोरली बहीण. शहापूर-मुरबाडच्या डोंगराकडेच्या पाड्यांवर तिला सगळे ओळखत, कारण ती धवलेरी होती. भगीरथच्या लोकांत लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. सुपात तांदूळ घेऊन ती मांडवात उभी राहते, एकेक विधी गाण्यातून पुढं नेते, आणि तिनं गायल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. अलीकडं काही जण शहापूरहून भटजी आणायला लागले होते, काही जण मंगलाष्टकांची कॅसेट लावून मोकळे होत. पण भगीरथची मुलगी रंजिता, जी डी.एड. होऊन गावात सगळ्यांना शहाणपण शिकवत होती, तिनं या बाबतीत पाय घट्ट रोवले होते. "मावशीआजी नसंल तरी मी मांडवात उभी ऱ्हाईन," ती म्हणाली होती, "पन लगीन लागलं असं मला वाटायचं नाय." हळद पुढच्या रविवारी होती, आज शनिवार, म्हणजे आठ दिवस. भगीरथनं नथूकरवी मावशीला दोनदा निरोप धाडला होता, आणि दोन्ही वेळा नथू एकच उत्तर घेऊन आला होता: त्याच्या दारात माजा आवाज निघायचा नाय. प्रेमा, भगीरथची बायको, महिनाभर एकच धोशा लावून होती की निरोप कसले धाडताय, स्वतः जा, पाय धरा. भगीरथ गेला नव्हता. तेरा वर्षांत त्यानं काळू नदीच्या त्या बाजूला, मावशीच्या पाड्यावर, पाऊल टाकलं नव्हतं. ज्याला चूक केल्यासारखं वाटतच नाही त्यानं पाय कशाचे धरायचे, असं त्याचं साधं म्हणणं होतं.

आणि ते म्हणणं उगाच नव्हतं. त्याचं आयुष्यच मागं वळून न बघण्यावर उभं होतं. त्याची सुरुवात एका कॅसेटनं झाली होती, जिला कव्हर नव्हतं. तानसा तलावाहून मुंबईला पाणी नेणारे ते मोठे नळ आहेत ना, माणूस आत उभा राहील एवढे, त्यांच्यावर भगीरथ पंच्याऐंशी सालापासून नोकरीला. तिथल्या एका बदली झालेल्या साहेबानं जाताना एक खोकं फेकून दिलं, त्यात ती कॅसेट निघाली. कुणीतरी गोरा गात होता. पहिल्या गाण्यात तो गिटार बडवून किंचाळत होता, दुसऱ्यात एकट्या पेटीसारख्या वाद्यावर हळू आवाजात काहीतरी समजावत होता, तिसऱ्यात मागं नुसती यंत्रं वाजत होती आणि तो थंडपणे बोलल्यासारखा गात होता, चौथ्यात कुठल्यातरी काळ्या लोकांचे ढोल. भगीरथ आटगावच्या खोलीत टेपजवळ उकिडवा बसून ते ऐकत राहिला. आवाज एकच होता यात शंका नव्हती. एक माणूस एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाईपर्यंत सगळाच्या सगळा बदलू शकतो, हे त्याला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या कॅसेटमध्ये वीस वर्षांतली वेचक गाणी एकत्र केलेली होती, हे जयरामनं त्याला फार पुढं समजावून सांगितलं. भगीरथ तर समजला होता की हे सगळं त्या माणसानं एका बैठकीत केलंय. म्हणून मग तो स्वतः दर दोन वर्षांनी बदलत गेला आणि तेही त्याला सावकाशच वाटत होतं. खरं कळल्यावर दुसरा कुणी ओशाळला असता. भगीरथ म्हणाला, "त्याला वीस वर्सं लागली? मंग आमी लवकर केलं."

एक्क्याण्णव साली त्याचा बँजो आणि फाटका स्पीकर. मुरबाडच्या एस्टीच्या टपावरून नेताना ऐनाच्या फांदीनं स्पीकरचा कागद फाडला आणि त्यातून जो घसा बसलेला, ओरखडा काढणारा आवाज आला त्यावर लोक वेडे झाले. 'फाटका बँजो' म्हणून किन्हवलीपासून सरळगावापर्यंत बोलावणी यायला लागली. चौऱ्याण्णवला त्यानं बँजो नथूच्या माळ्यावर टाकला आणि गिटार गळ्यात घातली. ज्यांनी फाटका बँजो ऐकायला बोलावलं होतं त्यांच्या मांडवात हा केस सोडून, मान झटकत गिटार वाजवायला लागला. एका नवऱ्यामुलाच्या मामानं चालू गाण्यात वायर काढली. सहा महिन्यांनी त्याच मामानं स्वतःच्या पोराच्या हळदीला गिटारच पाहिजे म्हणून निरोप धाडला. लोकांना सवय झाली की हा पुढं निघून गेलेला असायचा. सत्त्याण्णवला कॅसिओ, संथ, शहापूरच्या गणपतीत म्हाताऱ्यांना रडवणारा. नव्याण्णवला तर त्यानं वीजच बंद केली. नुसते ढोल, टाळ आणि तोंडी हुंकार, माइक नाही, आणि लोक म्हणाले भगीरथला लागीर झालं. दोन हजार एकला ऑक्टोपॅड, ज्यावर आता सगळा तालुका हळदीत नाचतो. बाजारात त्याला तोंडावर सरडा म्हणायचे. भगीरथ ते पदवी मिळाल्यासारखं मिरवायचा. आणि या सगळ्यात एक नियम त्यानं कडक पाळला: वाजवून झालेलं पुन्हा ऐकायचं नाही. एस्टीत, पानाच्या गादीवर, कुणाच्या दारात स्वतःची जुनी कॅसेट लागली की तो तिथून उठायचा. शिळा भात कुत्र्याला, असं म्हणायचा. त्यामुळं आज, वयाच्या चाळिशीत, आपलीच दहा गाणी ओळीनं ऐकायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदा आली होती.

"फुडचं लाव," तो म्हणाला. "सगळी लाव."

जयरामनं शटर अर्धं खाली ओढलं, कारण बाहेर आठवड्याच्या बाजाराचा गलका होता. दुसरं गाणं लागलं, गिटारचं. मग तिसरं. भगीरथ आरामात बसला होता. गाणी चांगलीच होती, त्यात त्याला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. पाचव्या गाण्याला तो पुढं वाकला. कॅसिओचं ते संथ गाणं, म्हाताऱ्यांना रडवणारं. चाल वर चढायची, चढायची, आणि ओळ पुरी व्हायच्या जरा आधी थांबायची. चार ठोके काहीच नाही. मग खालच्या सुरात, जरा घोगरेपणानं, त्या ओळीचं शेपूट पुन्हा वाजायचं. सहाव्या गाण्यात वीज नव्हती, ढोल होते, पण ढोलसुद्धा तसेच चढून थांबले. चार ठोके. मग खालून हुंकार आला. भगीरथनं हात वर केला. जयरामनं गाणं थांबवलं. "पुन्ना दुसरं," भगीरथ म्हणाला. दुसऱ्यातही ते होतं. गिटार किंचाळत वर गेली, थांबली, आणि चार ठोक्यांनंतर खालून तीच गिटार उत्तर देत आली. मांडवात मान झटकताना त्याला हे कधी दिसलं नव्हतं. त्या वेळी तर आपण जगात कुणी केलं नाही असं काही करतोय, एवढंच त्याला दिसत होतं.

नळावरचं त्याचं काम कानाचं होतं. लोखंडी कांब घ्यायची, एक टोक नळावर टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा. भरून वाहणारं पाणी एकसारखं घुमतं. जिथं सांधा सुटलेला असतो तिथं त्या घुमण्यात एक बारीक पोकळी येते, आणि ती पोकळी डोळ्यांना काही दिसायच्या आधी महिनाभर कानाला कळते. एकोणीस वर्षं भगीरथ कोरड्या ठणठणीत जमिनीवर बोट ठेवून सांगत आला होता की इथं खणा, आणि तिथं ओल निघत आली होती. साहेब लोक त्याच्या कानाला मानायचे. उरलेली गाणीही ऐकून झाली; तोच कान आता त्यानं स्वतःच्या दहा गाण्यांना लावला होता आणि दहाही सांध्यांत एकच पोकळी घुमत होती. त्याच जागी. तेवढीच लांब. घाबरला असं म्हणणं त्याला आवडलं नसतं, पण तो घाबरलाच होता.

"जयराम, या धाही गाण्यांत एकच गोष्ट हाय."

"ते मी तुला कवापासून सांगतोय," जयराम खुशीत म्हणाला. "सरड्याची धाव कुंपनापरेंत."

"जुनी कॅसेट कुठं हाय? पयल्या गाण्याची. साफ न केलेली."

जयराम फळ्यांवर चढला आणि खाली आला, धूळ झटकून त्यानं ती कॅसेट काउंटरवरच्या टेपमध्ये टाकली. त्या लग्नात तोच मांडवाच्या खांबाला टेप बांधून बसला होता, नाहीतर हे गाणं उरलंही नसतं. आधी नुसती माणसं. कुणीतरी खोकलं. कुणीतरी 'गप ऱ्हावा रे' म्हणालं. आणि मग लहानी.

तिचा आवाज गोड नव्हता. धवलेरीचा असतही नाही. तो सरळ होता, भिंतीला टेकवून ठेवलेल्या काठीसारखा. करवंदीच्या जाळी गो, वाट दे नवरीला, असं म्हणत ती वर गेली आणि थांबली. एक, दोन, तीन, चार. टेपवर चिमण्या ऐकू येत होत्या. ती दुसऱ्यांदा वर गेली आणि पुन्हा थांबली. आणि भगीरथला तो मांडव आठवला. वैशाखातली सकाळ, जांभळीचा डहाळा, त्याच्या मांडीवर बँजो. धवलेरी उभी राहिली की वाजंत्र्यांनी वाद्यं खाली ठेवायची हा रिवाज. नथूनं ढोल आडवा केला होता. लहानीच्या शेजारची जागा मोकळी होती. त्या जागेवर सगळी वर्षं भगीरथची आई उभी राहायची. बुधी. धवला एकटीनं गायचा नसतो. एक बाई ओळ टाकते, दुसरी झील धरते. पहिलीचा श्वास संपतो तिथं दुसरी तिची शेवटची अक्षरं खालच्या सुरात उचलते, तोवर पहिली दम घेते आणि पुढच्या ओळीला लागते. लहानी वर जायची आणि बुधी खाली तिला झेलायची, असं तीस वर्षं चाललं होतं. त्या पौषात बुधी तापानं गेली. हे लग्न वैशाखातलं. लहानी पहिल्यांदाच एकटी उभी होती, आणि सवयीनं ओळीच्या शेवटी थांबत होती, आणि कुणी झेलत नव्हतं.

तिसऱ्यांदा ती थांबली तेव्हा बँजो वाजला. भगीरथनं ठरवलं नव्हतं. हात गेला. फाटक्या स्पीकरमधून ती घोगरी खरखर मांडवभर पसरली, लोक दचकले, मग कुणीतरी शिट्टी मारली, नथूनं ढोल उचलला आणि बघता बघता अख्खा मांडव नाचायला लागला. आजवर भगीरथनं स्वतःला हे असं सांगितलं होतं: मावशीची गाणी जुनी झाली होती, लोक कंटाळले होते, आपण नवं दिलं, मावशीला कानामागून येऊन तिखट झालेलं सोसलं नाही. पण आता टेपजवळ कान नेऊन तो ऐकत होता, आणि त्या खरखरीतले पहिले सूर नव्यातले नव्हतेच. ती त्याच्या आईची झील होती. अक्षर न् अक्षर. घोगरीसुद्धा तशीच, कारण बुधीचा आवाज बसका होता. त्याला रडू आलं. जयराम बघतोय याचं त्याला काही वाटलं नाही. पाच महिने तो आईसाठी रडला नव्हता, आणि त्या सकाळी मांडवात हातानंच काय ते केलं होतं, आणि पुढची तेरा वर्षं बँजो सोड, गिटार धर, वीज तोड, वीज जोड, असं करत तो सगळीकडं तीच चार ठोक्यांची जागा घेऊन फिरत होता. त्या गोऱ्याचंही असंच असणार, त्याला वाटलं. त्याचीही कुठंतरी लहानी असणार. आणि रडता रडता त्याला बरंही वाटायला लागलं, कारण म्हणजे त्या दिवशी त्यानं मावशीला हरवलं नव्हतं. तिला झेललं होतं. आपण बरोबरच होतो, एवढंच की ते कळायला उशीर झाला.

"पयलं गाणं जसं व्हतं तसं घाल," तो उठत म्हणाला. "कॅसेट मी नेतोय. आणून देतो."

"कुठं चाललास?"

"मुरबाडकडं. मावशीला ऐकवायला." त्यानं जयरामचा बॅटरीवर चालणारा छोटा टेपही न विचारता काखेत मारला.

एम-एटी गाडीवर बसून तो किन्हवलीच्या रस्त्याला लागला तेव्हा ऊन चढलं होतं आणि त्याची छाती भरून आली होती. पळसाची फुलं संपत आली होती, शेतात भाताच्या राबासाठी जाळलेले काळे पट्टे दिसत होते. वाटेत तो मनात बोलणं जुळवत होता. मावशी, तू उगाच रागावलीस. मावशी, मी आईचं काम केलं. ती ऐकेल, टेप ऐकेल, डोळे पुसेल, मग आपणही पुसू, मग ती म्हणेल रविवारी येते. प्रेमाला तो काय सांगणार हेसुद्धा त्यानं किन्हवली ओलांडेपर्यंत ठरवून टाकलं. काळू नदीत पाणी घोट्याएवढं होतं. अलीकडं गाडी लावून, चपला हातात घेऊन तो पलीकडं गेला.

लहानी अंगणात चटईवर मोहाची फुलं पसरून बसली होती. एकेक फूल उचलून ती त्यातलं केसर काढत होती. ती सत्तरीची झाली असेल. दंडांची कातडी सुटली होती पण पाठ त्याच मांडवातली होती, सरळ. तिनं मान वर केली नाही.

"कोन?"

"भगीरथ."

"भगीरथ कंचा? केसवाला, का फाटका, का तो बिनाविजेचा?"

हे सगळं तिच्यापर्यंत पोचलं होतं म्हणजे. भगीरथला हसू यायला हवं होतं, पण त्याच्या तोंडून भलतंच आलं. "बुधीचा," तो म्हणाला.

तिचा हात फुलावर थांबला. "मंग बस," ती म्हणाली.

तो बसला. टेप पुढं ठेवून त्यानं सांगायला सुरुवात केली. वाटेत जुळवलेलं बोलणं ओळीनं येत होतं: सीडी, कल्याणचा कॉम्प्युटरवाला, दहा गाणी, चार ठोके. लहानी फुलं निवडत होती. त्यानं बटणावर बोट ठेवलं तशी ती म्हणाली, "नको लावू. ऐकलंय मी."

"कवा?"

"कवा म्हंजे? एस्टीत ऐकलं. बाजारात ऐकलं. जांभुर्ड्याच्या लग्नाला गेले, तिथं मी उभी ऱ्हायच्या आधी तेच लावलं व्हतं. तेरा वर्सं ऐकते. माजा आवाज जिथं बंद पडतो तिथंच लोक जास्त नाचतात." हे ती रागानं बोलत नव्हती, आणि तेच भगीरथला जड गेलं.

"मावशी, मी आयची झील धरली व्हती. मला आज कळलं."

"मला त्याच दिवशी कळलं," लहानी म्हणाली. "बुधीची झील मला नाय कळायची? तू पयल्यांदा वाजवलंस नं, माज्या अंगावर काटा आला. म्हटलं बाई आली. म्हनून तर मी फुडची वळ टाकली. गायले असते का नायतर?"

टेपवर भगीरथनं तेही ऐकलं होतं. बँजो वाजल्यानंतर ती आणखी दोन ओळी गायली होती. तेव्हा ती लढतेय असं त्याला वाटलं होतं. त्याला कॉम्प्युटरवाल्याचा राग आला आणि मग कळलं की मावशीचा आवाज मारण्यात त्या कॉम्प्युटरवाल्यानं नवीन काही केलेलं नाही.

"मंग रागवलीस कशापाई?"

लहानीनं फूल खाली ठेवलं. "झील धरनाऱ्यानं वळ परत द्यायची असते, बाबा. बुधी माजी वळ उचलायची, आन् ठेवायची. माज्या फुड्यात आनून ठेवायची. मंग मी तिच्यावर पाय देऊन वर जायची. तू उचललीस आन् घेऊन गेलास. मी दुसरी टाकली, तीबी नेलीस. तिसरी टाकली. तुजा तो ढोल, ती माणसं, कोनी थांबंच ना. सुपात तांदूळ तसंच व्हते माज्या. लगीन लागलं नव्हतं अजून. त्या पोरीच्या बापानं मंगलाष्टकं टेपवर लावली." तिनं बोटांना चिकटलेलं केसर झटकलं. "आन् आज आलास सांगायला की झील धरली म्हनून. वरातीमागून घोडं."

भगीरथनं वाटेत जुळवलेलं सगळं संपलं होतं. त्याच्या डोक्यात दहाही गाणी पुन्हा फिरून गेली आणि या वेळी त्याला त्या चार ठोक्यांच्या पुढचं ऐकू आलं. प्रत्येक ठिकाणी उत्तर द्यायला खालून जो आवाज यायचा तो पुढची ओळही स्वतःच घेऊन जायचा. गिटार गिटारला उत्तर द्यायची आणि गिटारच पुढं जायची. जागा तो सगळीकडं सोडत आला होता, पण त्या जागेत कुणाला येऊ दिलं नव्हतं. ज्या नियमाचा त्याला इतका अभिमान, की थांबायचं नाही, पुढं जायचं, तो नियम त्या मांडवातच तयार झाला होता, या बाईच्या तिसऱ्या ओळीवर. त्याला लाज वाटली. साधी, पोरवयात वाटायची तशी, कान गरम करणारी लाज.

"चुकलं माजं, मावशी," तो म्हणाला. पाय धरायला तो वाकला नाही. मधे फुलं पसरली होती आणि ती तुडवायची नव्हती.

लहानीनं पुन्हा एक फूल उचललं. मग दुसरं. पाड्यावर कुठंतरी कोंबडं कुणी पाठीला लागल्यासारखं ओरडत होतं. "नवरी कशी हाय?" तिनं विचारलं.

"बोलकी हाय. आयवर गेलीय माज्या. म्हनते मावशीआजी नसंल तर लगीन लागायचं नाय."

"आन् मी आले तर माज्यासंगती झील कोन धरनार? बाया उरल्यात कुठं? ज्यांना येत व्हतं त्या गेल्या. पोरींना तुजं ते खटखट येतं." ऑक्टोपॅडला ती खटखट म्हणाली.

झील बाईनंच धरायची असते, हे दोघांनाही माहीत होतं. आणि त्याच्याजवळ वाजवायला काही नव्हतं. फाटका स्पीकर तर केव्हाच भंगारात गेला होता. इतक्या वर्षांत कुणासमोर तो असा रिकाम्या हातांनी बसला नव्हता. हात मांडीवर होते आणि बोटं आपोआप हलत होती, नसलेल्या तारांवर.

आणि लहानीनं, मान खालीच ठेवून, फुलातलं केसर काढता काढता, ओळ टाकली. करवंदीच्या जाळी गो, वाट दे नवरीला. आवाज कापत होता पण सरळ होता. ती वर गेली आणि थांबली.

एक. दोन. तीन. चार.

भगीरथनं तोंड उघडलं. गाणारा तो कधीच नव्हता. गळा बसका होता, स्पीकरच्या फाटक्या कागदासारखा होता. वाट दे नवरीला, त्यानं खालच्या सुरात उचललं. मधे एकदा आवाज चिरकला, पण त्यानं ते शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं, आणि तिथं त्याच्या सगळ्या अंगाला पुढं जायचं होतं. पुढची ओळ जिभेवर होती. बोटं मांडीवर धावत होती. त्यानं बोटांची मूठ केली, ओठ मिटले, आणि तो थांबला.

थांबणं लांबत गेलं. कोंबडं गप्प झालं होतं. लहानी फूल हातात धरून बसली होती, आणि ती काही करणार नाही असं त्याला वाटायला लागलं, तरी तो थांबूनच राहिला.

मग लहानीनं श्वास घेतला आणि दुसरी ओळ टाकली.